नव्या मोटारसायकलचे ढिले बोल्ट: तपासणी कशी करावी आणि शोरूमकडून काम कसे करून घ्यावे

नवी मोटारसायकल घरी आल्यावर पहिल्या महिन्याभरातच आरसा आपोआप फिरू लागतो, पायाखाली खडखड ऐकू येते किंवा एखादा बोल्ट चक्क बोटांनी फिरतो. सर्व्हिस सेंटरमध्ये विचारले तर ‘नवीन गाडीत होतं असं’ एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर अर्धेच खरे आहे. नव्या गाडीत काही बोल्ट सैल होऊ शकतात, आणि नेमके म्हणूनच गाडी ताब्यात देण्यापूर्वी आणि पहिल्या सर्व्हिसिंगच्या वेळी ते तपासून आवळणे हे विक्रेत्याचे काम असते. ते झाले नसेल तर तो कामातला हलगर्जीपणा आहे, आणि ब्रेक किंवा चाकाच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो.

बोल्ट सैल का होतो, हे समजले की तपासणी सोपी जाते. बोल्ट आवळताना तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच दोन भाग एकमेकांवर घट्ट दाबले जातात. बोल्टच्या डोक्याखाली रंगाचा थर, रबर किंवा गॅस्केट (सांध्यात घातलेला मऊ पातळ थर) असेल, तर गाडी चालू लागल्यावर ते दबते आणि ताण कमी होतो. मग इंजिनाच्या थरथरीने भाग आडवे सरकू लागले की बोल्ट हळूहळू उलटा फिरतो. कारखान्यात महत्त्वाचे बोल्ट मोजलेल्या जोराने आवळतात आणि त्यांपैकी अनेकांवर रंगाची खूण करतात. आरसे, साडीगार्ड, क्रॅश गार्ड, नंबर प्लेट अशा गोष्टी मात्र बहुधा शोरूममध्येच, आणि सणासुदीच्या गर्दीत घाईघाईने बसवल्या जातात. त्यामुळे पहिला संशय याच जागांवर घ्यावा.

तपासणी इंजिन थंड असताना आणि गाडी मेन स्टँडवर उभी करून करावी. सुरुवात पाना न घेता करावी. एका हाताचे बोट अर्धे बोल्टवर आणि अर्धे शेजारच्या धातूवर येईल असे ठेवावे आणि दुसऱ्या हाताने तो भाग हलवावा. दोन्हींमध्ये सूक्ष्म हालचाल होत असेल तर ती बोटाला लगेच कळते. बोल्टभोवती काळपट चकचकीत भुकटी किंवा गंजाचे वर्तुळ दिसले, तर तिथे धातूवर धातू घासतो आहे. कारखान्याच्या रंगाची रेघ बोल्टवर आणि खालच्या भागावर सलग नसेल, तर बोल्ट फिरला आहे किंवा कोणीतरी तो उघडला आहे.

सर्वाधिक वेळ ब्रेक, चाके आणि हँडल यांना द्यावा. पुढच्या ब्रेकचे कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणारा भाग) हाताने हलवून पाहावे. मग गाडी स्टँडवरून काढून पुढचा ब्रेक दाबून ती पुढे-मागे ढकलावी. हँडलच्या मुळाशी टक् असा धक्का जाणवला, तर कोन सेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) सैल असण्याची शक्यता असते. गाडी पुन्हा स्टँडवर घेऊन चाक दोन्ही बाजूंनी धरून आडवे हलवावे. मागच्या अ‍ॅक्सलचा (चाकाच्या आसाचा) नट तर आवर्जून पाहावा, कारण चेन ताणण्यासाठी तो ढिला करावा लागतो आणि नंतर पूर्ण आवळायचा राहून जाणे ही नेहमीची चूक आहे. तिथे कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून आरपार घातलेली पिन) असेल तर ती जागेवर आणि वाकवलेली आहे ना, तेही बघावे. त्यानंतर स्विंग आर्म (मागचे चाक धरणारा हलता दांडा), शॉक अ‍ॅब्सॉर्बर, फूटरेस्ट, स्टँड, इंजिन धरून ठेवणारे बोल्ट आणि सायलेन्सर. बाकीच्या सामानाकडे एक नजर टाकली तरी पुरते.

ब्रेक, चाक किंवा हँडलचा बोल्ट सैल आढळला, तर ती गाडी चालवत शोरूमला नेऊ नये. शोरूमला फोन करून मेकॅनिक घरी पाठवायला किंवा गाडी उचलून न्यायला सांगावे, आणि हे बोलणे झाल्यावर तीच गोष्ट संदेशाने लेखी कळवावी.

इतर बोल्ट घरी आवळता येतात, पण पाना लावण्याआधी फोटो आणि छोटी चित्रफीत घ्यावी. बोल्ट हाताने फिरताना आणि मीटरवरचे किलोमीटर हे एकाच सलग चित्रीकरणात आले, तर पुढे कोणी ‘आमच्याकडून गेली तेव्हा ठीक होती’ असे सहज म्हणू शकत नाही. आवळताना ओपन पान्यापेक्षा रिंग पाना किंवा सॉकेट वापरावे. जोर किती लावायचा, हे गाडीच्या पुस्तिकेत किंवा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले असते. ६ मिलिमीटर जाडीच्या (पान्याच्या मापाच्या नव्हे) साध्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे छोट्या पान्यावर मनगटाचा जोर. लांब पाना घेऊन अंगाचा भार टाकला की अ‍ॅल्युमिनियममधले आटे जातात आणि साधी दुरुस्ती खर्चिक होऊन बसते. पुन्हा पुन्हा सैल होणाऱ्या बोल्टला निळे थ्रेडलॉकर (आट्यांवर लावायचे, बोल्ट सैल होऊ न देणारे द्रव्य) थेंबभर लावावे. लाल लावू नये, कारण तो बोल्ट पुढे गरम केल्याशिवाय सहसा निघत नाही. प्लॅस्टिकच्या भागांजवळ मात्र हे द्रव्य टाळावे, त्याने काही प्लॅस्टिकला तडे जातात.

आता शोरूमचा भाग. माझ्या मते ग्राहक हरतो तो जॉब कार्डावर, म्हणजे गाडी सर्व्हिसिंगला देताना तक्रारी लिहितात त्या कागदावर. आपण पाच तक्रारी सांगतो आणि अ‍ॅडव्हायझर ‘जनरल चेकअप’ असे दोन शब्द लिहितो. मग काम झाले की नाही, हे कशावरून ठरवणार? म्हणून सही करण्यापूर्वी ‘पुढच्या कॅलिपरचा वरचा बोल्ट हाताने फिरतो’, ‘डाव्या फूटरेस्टचा बोल्ट दुसऱ्यांदा सैल झाला’ अशी वाक्ये तारीख आणि किलोमीटरसह लिहून घ्यावीत, आणि कार्डाची प्रत मागावी. प्रत दिली नाही तर फोटो काढावा. आणखी एक उपाय फार उपयोगी पडतो: जे बोल्ट सैल आहेत, त्यांवर गाडी देण्यापूर्वी पांढऱ्या पेंट मार्करने बोल्ट आणि खालचा भाग जोडणारी बारीक रेघ ओढावी. गाडी परत मिळाल्यावर रेघ जशीच्या तशी जुळलेली असेल, तर ‘सगळं टाइट केलंय’ या वाक्याला अर्थ नाही, आणि ते तिथेच, फोरमनला गाडीजवळ बोलावून दाखवावे. आवाज चढवण्याची गरज पडत नाही. फुकट सर्व्हिसिंगची मुदत मात्र या वादात चुकवू नये. ती चुकली की वॉरंटी नाकारायला निमित्त मिळते.

दोनदा सांगूनही काम झाले नाही, तर शोरूमच्या मालकाला आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक विभागाला एकच ईमेल पाठवावे, तक्रार क्रमांक घ्यावा आणि मागणी नेमकी लिहावी: सर्व बोल्ट ठरलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या मोजलेल्या जोराने) आवळून त्याची लेखी नोंद, खराब झालेले बोल्ट विनामूल्य बदलणे, आणि उत्तरासाठी ठरावीक मुदत. सैल बोल्टांसाठी थेट नवी गाडी मागितली तर प्रकरण अडते, कारण उत्पादनातला दोष सिद्ध करायला बहुधा तज्ज्ञाचा अहवाल लागतो. सेवेतली त्रुटी जॉब कार्डांवरूनही दाखवता येते.

तरीही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोग आहे. गाडी दुसऱ्या शहरातून घेतली असली, तरी आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, म्हणजे बहुतेक मोटारसायकली यात बसतात. वकील देणे सक्तीचे नाही. तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करावी लागते. विक्रेता आणि उत्पादक या दोघांनाही त्यात पक्षकार करावे, आणि गाडीचे बिल, वॉरंटीची कागदपत्रे, प्रत्येक जॉब कार्डाची प्रत, ईमेल आणि तारखेसह फोटो क्रमाने जोडावेत.