मानवाकृतीची प्रमाणे: मोजमाप डोक्याने

मानवाकृती रेखाटताना डोक्याची उंची, म्हणजे टाळूपासून हनुवटीपर्यंतचे अंतर, हे एकक धरावे. प्रौढ माणसाची उंची साधारण साडेसात डोकी भरते; सरावासाठी मात्र ८ समान भाग सोयीचे पडतात, कारण मग चौथी रेघ जांघेवर, म्हणजे आकृतीच्या मध्यावर येते. दुसरी रेघ स्तनाग्रांवरून, तिसरी बेंबीच्या आसपास आणि सहावी गुडघ्यांच्या खालून जाते.

नवशिक्यांच्या चित्रांत पाय बहुधा आखूड राहतात, कारण चेहरा आणि धड काढण्यात मन गुंतते व खाली कागद संपत येतो. म्हणून टाळू आणि टाचा यांच्या खुणा आधी करून मगच मधले भाग पाडावेत. हात सैल सोडले असता कोपर कमरेच्या पातळीवर, मनगट जांघेजवळ आणि बोटांची टोके मांडीच्या मध्याशी येतात. पंजा लहान काढण्याची खोड तर जवळजवळ सगळ्यांनाच असते. तळहाताची कड हनुवटीला टेकवून पंजा चेहऱ्यावर ठेवला, की बोटे थेट कपाळापर्यंत पोहोचलेली जाणवतात.

लहान मुलांना हे माप लावू नये, कारण वर्षभराचे बाळ जेमतेम ४ डोक्यांएवढे असते. बसलेल्या किंवा वाकलेल्या आकृतीत या आडव्या रेघा निरुपयोगी ठरतात. तेथे प्रत्येक अवयवाची लांबी डोक्याशी स्वतंत्रपणे ताडून पाहावी.