एकच शिकवण सविस्तर सांगणारा शास्त्रभाग कसा अभ्यासावा

ख्रिस्ती शिकवणीतील एखादा विषय अभ्यासाला घेतला, की बहुतेक घरसभांमध्ये आधी वचने गोळा केली जातात. विषय पुनरुत्थान असो, विश्वास असो, दान असो की जिभेवरचा ताबा, कोणीतरी मोबाइलवरच्या बायबलमध्ये शब्द शोधतो, निरनिराळ्या पुस्तकांतली वीस-पंचवीस वचने निघतात, प्रत्येक जण एकेक वाचतो आणि तासाभरात विषय संपतो. यातून वचनांची ओळख होते, हे खरे. परंतु लेखकाने त्या विषयाचा विचार कसा केला, तो कोणाला उत्तर देत होता आणि एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर का गेला, हे त्यातून कळत नाही. म्हणून ज्या शिकवणीवर पवित्र शास्त्रात एक सलग आणि सविस्तर उतारा आहे, तिचा अभ्यास त्या उताऱ्यापासूनच सुरू करावा आणि इतर वचनांकडे तो पुरता समजल्यावरच वळावे, असा माझा आग्रह आहे.

असे उतारे पुष्कळ आहेत. पुनरुत्थानासाठी करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय, विश्वासासाठी इब्री लोकांस पत्राचा ११ वा, विश्वासाने नीतिमान ठरण्यासाठी रोमकरांस पत्राचा ४ था, दानासाठी करिंथकरांस दुसऱ्या पत्राचे ८ आणि ९ हे अध्याय, जिभेसाठी याकोबाच्या पत्राचा ३ रा आणि प्रीतीसाठी योहानाच्या पहिल्या पत्राच्या ४ थ्या अध्यायाचा उत्तरार्ध घेता येईल. पहिल्यांदाच अशा रीतीने अभ्यास करणाऱ्यांनी करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय घ्यावा, कारण त्यातील युक्तिवाद इतका स्पष्ट आहे की तो पायरी पायरीने वहीत उतरवता येतो. पुढील उदाहरणे मुख्यतः त्यातलीच आहेत.

आधी उताऱ्याच्या सीमा ठरवाव्यात. अध्यायांची विभागणी मूळ लेखकांची नाही. ती तेराव्या शतकात रूढ झाली आणि नव्या करारातील वचनांना आजचे क्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये दिले. त्यामुळे विचार एका अध्यायात सुरू होऊन पुढच्या अध्यायात संपणे नेहमीचेच आहे. इब्री लोकांस पत्राच्या ११ व्या अध्यायातील विश्वासवीरांची मालिका १० व्या अध्यायाच्या शेवटी, धीर सोडू नका या विनवणीतून निघते आणि १२ व्या अध्यायाच्या आरंभी येशूकडे पाहत धावण्याच्या बोधावर पोहोचते. मधलाच अध्याय घेतला तर थोरांच्या चरित्रांची यादी उरते आणि ती का सांगितली हे सुटून जाते. करिंथकरांस पत्राचा १५ वा अध्याय मात्र जवळपास स्वयंपूर्ण आहे; त्याच्या ५८ वचनांत विषय सुरूही होतो आणि संपतोही.

सीमा ठरल्या की पेन हातात न घेता सगळा उतारा वाचावा, आणि तो एकदाच वाचून थांबू नये. ५८ वचने मोठ्याने वाचायला साधारण दहा मिनिटे लागतात. ठाण्याहून वाशीला लोकलने रोज जाणाऱ्याला बसायला जागा मिळाली, तर तेवढ्या प्रवासात हा अध्याय दोनदा मनातल्या मनात वाचून होतो. आठवडाभर असे वाचल्यानंतर घरसभेत बसणारा माणूस आणि त्याच दिवशी प्रथम पुस्तक उघडणारा माणूस यांच्या प्रश्नांतच फरक दिसतो. आपल्यापैकी अनेकांनी या अध्यायातील वचने दफनविधीच्या वेळीच ऐकलेली असतात आणि त्या दुःखात युक्तिवाद लक्षात राहत नाही. म्हणून शांतपणे केलेल्या या वाचनाला मी विशेष महत्त्व देतो.

यानंतर उतारा कोणत्या प्रश्नाला उत्तर देतो ते शोधावे. येथे तो प्रश्न १२ व्या वचनात उघड आहे: ख्रिस्त उठला अशी घोषणा होत असता मेलेल्यांचे पुनरुत्थान नाही, असे तुमच्यापैकी काही जण कसे म्हणतात? म्हणजे हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल अविश्वासी लोकांना पटवत नाही. तो मंडळीतल्याच लोकांशी बोलत आहे. त्यांना ख्रिस्ताचे उठणे मान्य आहे, पण स्वतःचे उठणे मान्य नाही. ग्रीक श्रोत्यांना ही गोष्ट किती विचित्र वाटत असे हे प्रेषितांची कृत्ये १७:३२ मध्ये, अथेन्सच्या प्रसंगात दिसते; पुनरुत्थानाचे नाव निघताच काहींनी थट्टा केली. दुसरा प्रश्न ३५ व्या वचनात येतो: मेलेले कसे उठतात आणि कोणत्या शरीराने येतात? हे दोन प्रश्न वहीत लिहिले की अध्यायाची मांडणी आपोआप उलगडते.

मग युक्तिवाद आपल्या शब्दांत उतरवावा. पहिल्या अकरा वचनांत पौल नवे काही सिद्ध करत नाही. जे त्याला मिळाले आणि जे त्याने पोहोचवले, त्याची तो आठवण देतो: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला आणि दिसला. साक्षीदारांमध्ये केफा म्हणजे पेत्र आहे, बारा जण आहेत, पाचशेंहून अधिक बंधू आहेत, याकोब आहे आणि शेवटी स्वतः पौल आहे. त्या पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत असे तो मुद्दाम नोंदवतो. १३ ते १९ या वचनांत तो विरोधकांचे म्हणणे क्षणभर मान्य करून त्याचा परिणाम दाखवतो. मेलेले उठत नाहीत, तर ख्रिस्तही उठला नाही. तो उठला नाही, तर आमची घोषणा पोकळ आहे, आम्ही खोटे साक्षी आहोत, तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात आणि ख्रिस्तामध्ये जे निजले, म्हणजे मेले, त्यांचा नाश झाला आहे. ही साखळी दुव्यादुव्याने लिहून काढावी. २० व्या वचनात ती तुटते: ख्रिस्त उठलाच आहे आणि तो निजलेल्यांतले प्रथमफळ आहे. प्रथमफळाचा अर्थ कळण्यासाठी लेवीय २३ वाचावे. पिकाची पहिली पेंढी अर्पण झाली म्हणजे त्याच शेतातले उरलेले पीक मागून येणारच. ख्रिस्ताचे उठणे आणि आपले उठणे एकमेकांपासून वेगळे का करता येत नाही, हे या एका चित्राने स्पष्ट होते.

३० ते ३२ या वचनांत पौल विचारतो की मेलेले उठत नसतील तर आम्ही घडोघडी जीव धोक्यात का घालावा. ठाण्यातल्या वाचकाने येथे थोडे थांबावे, असे मला वाटते. १३२१ मध्ये याच नगरात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी विश्वासासाठी प्राण दिले, आणि पौलाचा प्रश्न त्यांच्या मरणालाही तितकाच लागू पडतो.

जुन्या करारातले संदर्भ वगळू नयेत. या एका अध्यायात स्तोत्र ११० आणि स्तोत्र ८, यशया २२, उत्पत्ती २:७, यशया २५ आणि होशेय १३ यांचा आधार घेतलेला आहे. यशया २५ चा तेवढाच तुकडा न पाहता त्याच्या मागची-पुढची वचनेही वाचावीत; तेथे परमेश्वर सर्व राष्ट्रांसाठी मेजवानी करतो आणि सर्व चेहऱ्यांवरील अश्रू पुसतो, आणि त्या पार्श्वभूमीवर मरण गिळले जाण्याचे वचन अधिक खोल उतरते.

कठीण वचनावर सभा अडू देऊ नये. मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेण्याविषयीचे २९ वे वचन विद्वानांनी अनेक रीतींनी समजावले आहे आणि त्यावर एकमत नाही. ते वहीच्या शेवटच्या पानावर नोंदवून पुढे जावे. ते बाजूला ठेवले तरी अध्यायाचा युक्तिवाद ढळत नाही. स्पष्ट वचनांच्या प्रकाशात अस्पष्ट वचन वाचावे, उलट करू नये.

दुसऱ्या पुस्तकातील उतारा घाईने मध्ये आणू नये, ही सूचना ऐरोली-कोपरखैरणेसारख्या ठिकाणच्या घरसभांत फार उपयोगी पडते, कारण तेथे निरनिराळ्या मंडळ्यांत वाढलेली माणसे एका खोलीत बसतात. रोमकरांस ४ चालू असता कोणी याकोब २ उघडले, की अर्धा तास वादात जातो. रोमकरांस पत्र लिहिणारा पौल आणि याकोब दोघेही अब्राहामाविषयी बोलतात आणि दोघेही उत्पत्ती १५:६ उद्धृत करतात. परंतु सुंता होण्यापूर्वीच अब्राहाम नीतिमान गणला गेला हे पौलाला दाखवायचे आहे, म्हणून उत्पत्ती १५ हे सुंतेच्या आज्ञेच्या १७ व्या अध्यायाआधी येते यावर त्याचा भर आहे. तर उपाशी भावाला नुसते शुभचिंतन करून पाठवणाऱ्या विश्वासाला याकोब जाब विचारतो, म्हणून तो उत्पत्ती २२ मधील इसहाकाच्या अर्पणाकडे जातो. प्रत्येकाचा प्रश्न आधी वेगळा समजून घेतला, तर तुलना फलदायी होते. चर्चा चालवणाऱ्याने प्रत्येक मतावर शांतपणे एवढेच विचारावे: हे आपल्यासमोरच्या उताऱ्यात कोणत्या वचनात आहे?

वेळेचे म्हणाल तर पुनरुत्थानाच्या या १५ व्या अध्यायाला तीन बैठका पुरतात: १ ते ११, १२ ते ३४ आणि ३५ ते ५८. प्रत्येक बैठकीच्या आरंभी मात्र सगळा अध्याय वाचावा.

आचरणाचा भाग आपण शोधून काढण्यापेक्षा उतारा स्वतः कोठे नेतो ते पाहावे. ५८ वे वचन ‘म्हणून’ या अर्थाने सुरू होते आणि प्रभूच्या कामातले श्रम व्यर्थ जात नाहीत असे सांगते. घोषणा आणि विश्वास व्यर्थ ठरण्याची जी भीती १४ व्या वचनात उभी केली होती, तिचे उत्तर येथे मिळते. आणि १६ व्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात पौल यरुशलेममधील पवित्र जनांसाठीच्या वर्गणीकडे वळतो, दर रविवारी काही बाजूला काढून ठेवा असे सांगतो. यासाठी पुढचा उतारा म्हणून करिंथकरांस दुसऱ्या पत्राचे ८ आणि ९ हे अध्याय घ्यावेत. त्यांत तीच मंडळी आणि तीच वर्गणी आहे, पण आदल्या वर्षी उत्साहाने सुरू झालेले काम अजून पुरे झालेले नाही. पौल कोणत्या प्रश्नाला उत्तर देत आहे हे ८:१० आणि ११ मध्ये सापडते, म्हणून वहीत आधी ती दोन वचने लिहून घ्यावीत.