सिस्टीम लायब्ररीच्या फंक्शनला मध्येच कसं गाठायचं: लिनक्स, मॅक, विंडोज

प्रोग्रॅम दुसऱ्याचा, सोर्स हातात नाही, किंवा आहे पण परत बिल्ड करायला अर्धा दिवस जातो, आणि बघायचंय एवढंच की हा बाबा नक्की कुठल्या कुठल्या फाईली उघडतोय. अशा वेळी सिस्टीमच्या ओपन फंक्शनच्या पुढ्यात आपलं ओपन उभं करायचं, नोंद करायची, खरं ओपन बोलवायचं आणि त्याने दिलेलं उत्तर जसंच्या तसं परत द्यायचं. याला कोणी रॅपर म्हणतं, कोणी हुक, कोणी इंटरपोझिशन. (नावं खाली देवनागरीत लिहितोय, टाईप करताना अर्थातच मूळ स्पेलिंग, आणि एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल सगळे कॅपिटलमध्ये.)

प्रोग्रॅममध्ये ओपन हे नुसतं नाव असतं, त्याचा पत्ता चालू होताना लोडर (प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररी जोडणारा सिस्टीमचा भाग) भरतो. लोडर ते नाव कुठे शोधतो आणि कुठल्या क्रमाने, हे तिन्ही सिस्टीमवर वेगळं आहे, बाकीचा सगळा त्रास त्यातूनच येतो.

लिनक्सवर सगळ्यात सोपं. इथे लोडर नाव सरळ एका रांगेत शोधतो, ज्या लायब्ररीत पहिल्यांदा सापडेल तिचं घेतो, आणि एलडी_प्रीलोड या एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये दिलेली लायब्ररी रांगेत सिस्टीमच्या लायब्ररीच्या आधी लागते. मग एक सी फाईल घ्या, त्यात हुबेहूब तीच सही (तेच नाव, तीच आर्ग्युमेंट) असलेलं ओपन लिहा, आत डीएलसिमला (नावावरून पत्ता शोधून देणारं फंक्शन) आरटीएलडी_नेक्स्ट आणि "ओपन" हे नाव देऊन रांगेतल्या पुढच्या ओपनचा पत्ता घ्या आणि स्टॅटिक पॉइंटरमध्ये ठेवा म्हणजे दर वेळी शोधायला नको. आरटीएलडी_नेक्स्ट मिळायला फाईलच्या अगदी वर, कुठलंही हेडर घ्यायच्या आधी, _जीएनयू_सोर्स डिफाईन करावं लागतं, नाहीतर कंपायलर म्हणतो असं काही नाहीच. जीसीसी कंपायलरला शेअर्ड आणि एफपिक हे दोन फ्लॅग द्या, ग्लिबसी (लिनक्सची सी लायब्ररी, म्हणजे लिबसी) २.३४ च्या आधीची असेल तर एलडीएल पण जोडा (२.३४ मध्ये ती लायब्ररी मुख्य लिबसीतच गेली). चालवताना व्हेरिएबल त्या एकाच कमांडच्या पुढे लावा, एक्सपोर्ट करू नका. एक्सपोर्ट केलंत आणि रॅपरमध्ये बग असला तर त्या शेलमधून एलएससुद्धा क्रॅश होतं, मग नवीन टर्मिनल उघडत बसा.

एवढं झालं की नव्वद टक्के लोकांना पहिला धक्का बसतो: काहीच होत नाही. माझं असंच झालं होतं. स्ट्रेस हे टूल लावून बघितलं तर स्वच्छ दिसत होतं की प्रोग्रॅम ओपनॅट बोलावतोय, म्हणून मी ओपनॅटचा रॅपर लिहिला, लॉगमध्ये एक ओळ नाही. दोन तास गेले. गोष्ट अशी की स्ट्रेस दाखवतो ते कर्नलचे सिस्टीम कॉल, आणि नव्या ग्लिबसीत ओपन हे लायब्ररी फंक्शन आतून ओपनॅट हा सिस्टीम कॉल करतं, आपण मात्र गाठतोय लायब्ररी फंक्शनचं नाव. म्हणजे स्ट्रेसवर भरवसा ठेवून रॅपर लिहायचा नाही. त्यापेक्षा एनएम या टूलला कॅपिटल डी फ्लॅग देऊन त्या बायनरीवर (बिल्ड होऊन तयार झालेल्या फाईलवर) चालवा, ज्या नावांपुढे यू आहे ती बाहेरून मागितलेली नावं, तिथे ओपन आहे का ओपन६४ आहे का एफओपन आहे ते डोळ्यांनी बघा. एलडी_डीबग ला बाइंडिंग्ज ही किंमत दिली तर लोडर स्वतःच सांगतो कुठलं नाव कुठल्या फाईलला बांधलं, आउटपुट प्रचंड येतं पण ग्रेप मारला की उत्तर मिळतं.

यादीत दिसणारी नावं कधीकधी चक्रावून टाकतात. मोठ्या फाईलींसाठी बिल्ड केलेला प्रोग्रॅम ओपन६४ मागतो. फॉर्टिफाय (कंपायलरची जादा सुरक्षा तपासणी) लावलेला __ओपन_२ मागू शकतो. स्टॅटचं तर ग्लिबसी २.३३ च्या आधी वेगळंच होतं, प्रोग्रॅममध्ये स्टॅट लिहिलं तरी बायनरीत __एक्सस्टॅट जायचं, त्यामुळे जुन्या बायनरीवर स्टॅटचा रॅपर ढिम्म हलत नाही. जीसीसी नुसता मजकूर आणि शेवटी नवी ओळ असलेलं प्रिंटएफ स्वतःहून पुट्स करून टाकतो, म्हणून प्रिंटएफ गाठायला गेलेला माणूस हमखास फसतो. आणि एक महत्त्वाचं, एफओपन आतून फाईल उघडतं ते तुमच्या ओपनमधून नाही, लिबसीच्या आतले कॉल आतल्या आत बांधलेले असतात, रांगेत येतच नाहीत. फाईली पकडायच्या तर ओपन, ओपन६४, ओपनॅट, ओपनॅट६४, एफओपन, एफओपन६४ सगळे वेगवेगळे रॅप करावे लागतात, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही.

आता रॅपरच्या आत काय सांभाळायचं, हे तिन्ही सिस्टीमवर थोड्याफार फरकाने सारखंच. ओपनला तिसरं आर्ग्युमेंट, म्हणजे परमिशन, नेहमी नसतं, फ्लॅगमध्ये ओ_क्रिएट (किंवा लिनक्सवर ओ_टेंपफाईल) असेल तरच असतं. तेव्हाच ते व्हीए_आर्गने वाचा आणि पुढे द्या. मी पहिल्या वेळी दोनच आर्ग्युमेंट पुढे ढकलली होती, प्रोग्रॅम चालला, फाईल तयार झाली, आणि परमिशन असे काहीतरी भलतेच की मला स्वतःलाच ती वाचता येईना. दुसरं, एररनो, म्हणजे शेवटच्या चुकीचा नंबर. खरं फंक्शन परत आल्यावर एररनो जपून ठेवा, तुमचं लॉगिंग करा, मग परत जागेवर ठेवा. नाहीतर लॉग लिहिताना एररनो बदलतो आणि मूळ प्रोग्रॅम "फाईल नाही" च्या ऐवजी दुसऱ्याच चुकीवर उडतो.

तिसरं, आणि सगळ्यात जास्त डोकं खाणारं, स्वतःच स्वतःला बोलावणं. मॅलॉक या मेमरी देणाऱ्या फंक्शनच्या रॅपरमध्ये प्रिंटएफ लिहिलंत तर प्रिंटएफ बफरसाठी मॅलॉक मागतं, ते परत तुमच्याकडे येतं, ते परत प्रिंटएफ, आणि स्टॅक संपेपर्यंत ही फुगडी चालू. उपाय म्हणजे थ्रेड-लोकल एक झेंडा ठेवा, आत शिरताना वर, बाहेर पडताना खाली, झेंडा आधीच वर असेल तर काही न करता थेट खऱ्या फंक्शनला जा. लॉगसाठी प्रिंटएफ न वापरता साध्या अ‍ॅरेत मजकूर भरून राईटने २ नंबरच्या डिस्क्रिप्टरवर टाका. कॅलॉक (शून्य भरून मेमरी देणारं फंक्शन) रॅप करत असाल तर आणखी एक गंमत, खरं कॅलॉक शोधायला बोलावलेलं डीएलसिम स्वतःच कॅलॉक मागू शकतं, तेव्हा अजून खऱ्याचा पत्ता मिळालेलाच नसतो. त्या एवढ्या वेळेपुरता काही केबीचा स्टॅटिक अ‍ॅरे ठेवून त्यातून तुकडा द्या, आणि फ्रीमध्ये तपासा की पॉइंटर त्या अ‍ॅरेतला असेल तर गप्प बसायचं.

प्रोग्रॅम तुमचाच असेल आणि लिंक करणं हातात असेल तर हे सगळं नको, लिंकरला रॅप हा ऑप्शन द्या, तो मॅलॉकचे कॉल __रॅप_मॅलॉक कडे वळवतो आणि खरं __रियल_मॅलॉक नावाने देतो. फक्त जे कॉल त्या लिंकमध्ये येतात तेवढेच वळतात, आधीच बनलेल्या शेअर्ड लायब्ररीच्या आतले नाही.

मॅकवर तशीच वस्तू आहे, डीवायएलडी_इन्सर्ट_लायब्ररीज. पण तिथे प्रत्येक नावाबरोबर ते कुठल्या लायब्ररीतून घ्यायचं हेही बायनरीत लिहिलेलं असतं, म्हणून नुसतं ओपन नावाचं फंक्शन लिहून कोणी विचारत नाही. तिथे __डेटा सेगमेंटच्या __इंटरपोझ सेक्शनमध्ये जोडी ठेवायची, आधी आपलं फंक्शन मग मूळ. आपल्या फंक्शनला नाव काहीही द्या, माय_ओपन चालेल. आणि इथे मला मॅकची पद्धत लिनक्सपेक्षा सरस वाटते, कारण आपल्या लायब्ररीतून ओपन म्हटलं की थेट खरं ओपनच मिळतं, डीएलसिमची भानगड नाही.

मॅकचा त्रास दुसरीकडे आहे. २०१५ च्या एल कॅपिटनपासून सिस्टीमच्या संरक्षित बायनरी चालवताना डीवायएलडीवाले व्हेरिएबल काढूनच टाकले जातात, एरर नाही, सूचना नाही. तुमचा प्रोग्रॅम संरक्षित नसला तरी तो शेल स्क्रिप्टमधून चालू होत असेल तर मधला शेल संरक्षित असतो आणि व्हेरिएबल तिथेच गळतं. पहिल्या ओळीत एन्व्ह वापरणाऱ्या पायथन स्क्रिप्टचंही तेच. म्हणून खरी बायनरी थेट चालवा, किंवा स्क्रिप्टच्या आत, शेवटच्या कमांडच्या अगदी पुढे व्हेरिएबल लावा. हार्डन्ड रनटाईम लावून साईन केलेलं अ‍ॅप असेल तर त्यात तशी खास परवानगी असल्याशिवाय तेही ऐकत नाही. चाचणी स्वतः बिल्ड केलेल्या छोट्या प्रोग्रॅमवरच घ्या.

विंडोजवर प्रीलोडसारखं व्हेरिएबलच नाही. दोन रस्ते आहेत. एक, प्रत्येक मॉड्यूलच्या इंपोर्ट टेबलमध्ये बाहेरच्या फंक्शनचे पत्ते असतात, तिथला पत्ता बदलून आपला टाकायचा, व्हर्च्युअलप्रोटेक्टने ते पान लिहिण्याजोगं करून. स्वच्छ काम आहे, पण टेबल प्रत्येक डीएलएलचं (विंडोजच्या लायब्ररी फाईलचं) वेगळं, सगळी बदलावी लागतात, आणि ज्याने गेटप्रॉकअ‍ॅड्रेसने (हे विंडोजचं डीएलसिम) पत्ता मिळवला तो या टेबलकडे बघतच नाही. दुसरा रस्ता, फंक्शनच्या पहिल्या काही बाईट्सवर आपल्याकडे उडी लिहायची (३२ बिटवर ५ बाईट), झाकलेल्या इन्स्ट्रक्शन बाजूला कॉपी करून तिथून मूळ फंक्शनच्या उरलेल्या भागात परत उडी, या तुकड्याला ट्रॅम्पोलिन म्हणतात. हे हाताने लिहू नका. ६४ बिटवर इन्स्ट्रक्शनच्या स्वतःच्या जागेसापेक्ष पत्ते असलेल्या इन्स्ट्रक्शन हलवल्या की चुकतात, त्या दुरुस्त कराव्या लागतात. मायक्रोसॉफ्टचं डिटूर्स आता एमआयटी लायसन्सवर मोकळं आहे, मिनहुक पण चांगलं आहे, त्यातलं एक घ्या.

आपली डीएलएल आत नेण्यासाठी प्रोसेस थांबलेल्या अवस्थेत चालू करून मग घुसवायची, डिटूर्समध्ये तयार फंक्शन आहे. ३२ बिट प्रोसेसला ३२ बिटचीच डीएलएल लागते. डीएलएलमेनमध्ये (डीएलएल लोड होताना चालणारं फंक्शन) हुक लावण्यापलीकडे काही करू नका, तिथे लोडरचं लॉक धरलेलं असतं, दुसरी लायब्ररी लोड करायला गेलात तर अडकून पडाल. एररनोच्या जागी इथे गेटलास्टएरर जपायचा. फाईल उघडण्याची नावं क्रिएटफाईलए आणि क्रिएटफाईलडब्ल्यू अशी दोन, दोन्ही गाठा. किंवा खाली एनटीडीएलएलमधलं एनटीक्रिएटफाईल आणि एनटीओपनफाईल धरा, फक्त तिथे पाथ वेगळ्या रूपात येतो. आणि लिनक्सवर व्हेरिएबल आपोआप मुलांच्या प्रोसेसमध्ये जातं तसं इथे होत नाही, क्रिएटप्रोसेस हुक करून प्रत्येक मुलात परत घुसावं लागतं. अँटीव्हायरस हे बघून बोंबलतो, त्याच्या जागी तो बरोबर आहे.

तिन्हीकडे चालवायचं असेल तर नोंद ठेवणं, पाथ बदलणं, गाळणी लावणं हा भाग एका साध्या सी फाईलमध्ये ठेवा, जिला कुठली सिस्टीम आहे ते माहीतही नसावं, आणि प्रत्येक सिस्टीमसाठी चिकटपट्टी वेगळ्या फाईलमध्ये. इफडेफने सगळं एकात कोंबलेलं मी करून बघितलंय, महिन्याने स्वतःलाच कळत नाही.

आणि जिथे लोडरला विचारलंच जात नाही तिथे प्रीलोडचा उपयोग शून्य. लिनक्सवर स्टॅटिक बायनरी (लायब्ररी आतच जोडलेली), लिबसीला वळसा घालून थेट कर्नलला बोलणारे गो भाषेतले बरेचसे प्रोग्रॅम. सेटयूआयडी (मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या) प्रोग्रॅमचं कारण वेगळं, तिथे लोडर असतो पण सुरक्षेसाठी तुमचा पाथ मुद्दाम दुर्लक्षतो. गोच्या प्रोग्रॅमसाठी पीट्रेस या कर्नलच्या सोयीवर जा, तिथे मघाशी ज्याला नावं ठेवली तो स्ट्रेसच कामाला येतो.