कुत्र्या-मांजराला दवाखान्यात नेताय? या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरी असो, शाहूपुरी असो की फुलेवाडी, पाळीव प्राण्यांचा छोटा दवाखाना म्हणजे एक गाळा, एक डॉक्टर, हाताखाली एक पोरगा, स्टीलचं टेबल, सलाइनचा स्टँड आणि लशी ठेवायचा फ्रिज. एक्स-रे आणि सोनोग्राफी बहुतेक वेळा दुसरीकडे करावी लागते, रक्ताचा नमुना लॅबकडे जातो. म्हणजे पहिल्या अर्ध्या तासात डॉक्टरांच्या हाताशी असतात त्यांचे हात, थर्मामीटर, स्टेथोस्कोप आणि तुम्ही सांगाल ती माहिती. यातली शेवटची गोष्टच नेमकी कच्ची निघते.

‘जेवंना झालंय ओ डॉक्टर’

‘कधीपासनं?’ ‘झालं की, दोन-तीन दिस.’ ‘उलटी?’ ‘ते मम्मीला माहीत.’ आणि मम्मी घरी. बऱ्याचदा कुत्र्याला घेऊन येतो तो कॉलेजातला पोरगा नाहीतर शेजारचा कुणी दादा, आणि कुत्र्याचं सगळं करणारी काकू स्वयंपाकात अडकलेली. जो रोज खायला घालतो, शी-शू बघतो, त्यानंच जावं. अगदी जमत नसेल तर निदान दवाखान्यातून त्याला फोन लावून द्यावा.

निघताना मोबाइलवर चार ओळी लिहून घ्या: शेवटचं कधी आणि काय खाल्लं, पाणी पितोय का, लघवी कधी झाली, उलटी-जुलाब किती वेळा, कुठलं औषध दिलं. उलटीचा किंवा शीचा फोटो काढायला लाजू नका, डॉक्टर त्याला नाक मुरडत नाहीत. खोकला, लंगडणं किंवा फिट आली तर व्हिडिओ काढाच, कारण टेबलावर चढल्यावर भीतीनं कुत्रा असा सरळ चालतो की मालकच खोटा ठरतो. पण व्हिडिओ दाखवण्यासाठी काढायचा. तो व्हॉट्सॲपवर पाठवून ‘गोळी सांगा’ म्हणणं वेगळं. हिरड्या पांढऱ्या पडल्यात की नाही आणि पोट दाबल्यावर दुखतंय की नाही, हे फोनवर कळत नाही.

गोठ्यातलं औषध आणि घरातली गोळी

आपल्याकडची ही सगळ्यात धोक्याची चूक. जिल्ह्यात घराघरात म्हशी, त्यामुळे गोचिडाचं औषध गोठ्यात असतंच. पावसाळ्यात कुत्र्याच्या कानात गोचीड दिसली की तीच बाटली बादलीत ओतून कुत्र्याला अंघोळ घातली जाते, मापाचा पत्ता नसतो. कुत्रा अंग चाटतो, मग लाळ गळणं, थरथर, झटके सुरू. मांजराच्या बाबतीत तर आणखी जपायला हवं: कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते मांजराला विषच. गुरांचं जंत-गोचिडावरचं आयव्हरमेक्टिनही अंदाजानं टोचू नये. कोली जातीच्या आणि काही जर्मन शेफर्ड कुत्र्यांना जनुकीय दोषामुळे ते मेंदूवर चढतं.

दुसरी सवय ताप वाटला की पॅरासिटामॉल द्यायची. मांजराच्या यकृताला ते पचवताच येत नाही, एका गोळीनंही जीव जाऊ शकतो. रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते, हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड सुजतं. कुत्र्यांना आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक ही आपली दुखण्यावरची गोळी दिली तर जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडं बसतात. मुळात ताप हाताला कळतच नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस, म्हणजे साधारण 101 ते 102.5 फॅरेनहाइट असतं. आपल्या हाताला ते कायम गरमच लागणार.

गोळी दिलीच असेल तर लपवू नका. ओरडा खावा लागेल म्हणून लोक गप्प बसतात. डॉक्टर मग वेदनेचं दुसरं इंजेक्शन देतात आणि दोन्ही औषधं मिळून मूत्रपिंडावर बसतात. गोळीचं पाकीट खिशात टाकून न्यावं. उंदीर मारायचं औषध खाल्लं असेल तर त्याचंही. त्यातली पुष्कळ औषधं रक्त गोठू देत नाहीत, आणि लक्षणं तीन-चार दिवसांनी दिसतात. ‘खाल्लंय, पण मस्त खेळतोय’ हे ऐकून कुणी थांबू नये. मिठाचं पाणी पाजून उलटी करवण्याचा घरगुती उपायही करू नये, त्यानं शरीरातलं मीठ वाढून वेगळंच संकट उभं राहतं.

‘उद्या बघू’ कुठे चालतं, कुठे नाही

मोठा कुत्रा एक वेळ जेवला नाही पण शेपूट हलवतोय, पाणी पितोय, तर एक दिवस थांबायला हरकत नाही. रविवारी तांबडा-पांढरा रस्सा झाला की कुणीतरी प्रेमानं भात कालवून घालतंच. त्यातला कांदा-लसूण रक्तपेशी फोडतो, तुपकट मटणानं स्वादुपिंड सुजू शकतं आणि शिजलेलं हाड फुटून त्याचे तुकडे आतड्यात टोचतात. असं काही खाल्लं असेल आणि उलट्या थांबत नसतील तर मात्र थांबणं नाही.

बोका वारंवार वाळूत जाऊन बसतोय, ओरडतोय, थेंब-थेंब किंवा काहीच होत नाही, हे दिसलं की घरातले म्हणतात, ‘पोट साफ होत नसंल’, आणि एरंडेल शोधतात. तो शी करायला नाही, लघवी करायला जोर लावत असतो. नळी तुंबलेली असते. रक्तात पोटॅशियम साठत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबतं. हा प्रकार रात्री दिसला तर सकाळची वाट बघू नका. मोठ्या कुत्र्याचं पोट ढोलासारखं फुगून कोरड्या उबळी येणं, लस न झालेल्या पिल्लाला उलटीबरोबर रक्ताचे जुलाब, आणि एप्रिल-मेच्या उन्हात धापा टाकत कोसळणं, हीही त्याच रांगेतली. उन्हानं कोसळलेल्या कुत्र्यावर आधी साधं पाणी ओता, पंखा लावा, मग गाडीत घाला.

न सांगता जाणं

एकच डॉक्टर. ते शस्त्रक्रियेत असतील किंवा कुणाच्या गोठ्यावर गेले असतील तर तुम्ही बंद शटरसमोर उभे. दोन मिनिटांचा फोन करा. आपला डॉक्टर रात्री फोन उचलतो का आणि नसेल तर कुणाकडे पाठवतो, हे धडधाकट असतानाच विचारून ठेवा.

मांजराला पिशवीत घालून टू-व्हीलरवर नेऊ नये. हॉर्न वाजला की ते चेन उचकटून उडी मारतं आणि नंतर कित्येक दिवस सापडत नाही. झाकणाची प्लॅस्टिकची बास्केट पुरते. ती फक्त दवाखान्याच्या दिवशीच माळ्यावरून काढली तर मांजर सोफ्याखाली गेलंच म्हणून समजा. म्हणून आठवडाभर आधी जुनं फडकं टाकून घरात उघडी ठेवावी. कुत्र्याला पट्टा हवाच. ‘आमचा काय करत नाही’ हे वाक्य दवाखान्यात चालत नाही, तिथे शेजारी दुखरा, घाबरलेला दुसरा कुत्रा असतो. चावरा असेल तर आधीच सांगा आणि मुसकी बांधू द्या. त्यात कमीपणा काही नाही.

लस पुरी न झालेलं पिल्लू फरशीवर सोडू नका, मांडीवरच घ्या. पिल्लांना रक्ताचे जुलाब लावणारा पार्व्होचा विषाणू फरशी-मातीत महिनोन्महिने टिकतो आणि साध्या फिनाइलनं मरत नाही. सहा-आठ आठवड्यांपासून सुरू झालेले डोस दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांचं होईपर्यंत घ्यावे लागतात. विकणाऱ्यानं ‘सगळं झालंय’ म्हटलं तरी कार्डावर लशीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही बघा. लस दिल्यावर वीस मिनिटं तिथेच बसा. 2019 आणि 2021 च्या महापुरासारखं पाणी आलं की उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, तो माणसालाही होतो. आपल्या लशीत त्याचा भाग आहे का, हे पावसाळ्याआधीच विचारावं.

नसबंदीच्या दिवशी ‘उपाशी कसा ठेवू’ म्हणून दूध पाजून आणणारे भेटतात. भुलीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टर वयावरून सांगतात. लहान पिल्लाला फार वेळ उपाशी ठेवलं तर त्याची साखर उतरते.

पाचव्या दिवशी बंद केलेली गोळी

गोचिडतापात डॉक्सिसायक्लिन तीन-चार आठवडे द्यायचं असतं. पाचव्या दिवशी कुत्रा भाकरी खायला लागतो आणि गोळी बंद होते. महिन्याभरानं तोच ताप परत, आता प्लेटलेट्सही उतरलेल्या, आणि नाव खराब डॉक्टरांचं. ही गोळी अन्नासोबत द्या. मांजराला कोरडी देऊ नका, मागून पाणी पाजा, नाहीतर अन्ननलिका भाजते.

दवाखाना बदला, तो तुमचा हक्क आहे. फक्त जुनी फाइल, रिपोर्ट आणि दिलेल्या औषधांची नावं घेऊन जा. खर्चाचं आधी विचारा: कुठली तपासणी आजच हवी, कुठली दोन दिवस थांबू शकते. हे विचारलं की डॉक्टर रागावत नाहीत. सगळं झाल्यावर घासाघीस केली की रागावतात, आणि बरोबरच आहे.

धरताना चावला तर

स्वतःचा कुत्रा असला, लस झालेली असली, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. मग सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन दाखवा, कुत्र्याचं लसीचं कार्ड सोबत न्या, आणि इंजेक्शनं सुरू केली तर पुढच्या तारखा चुकवू नका.