राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकीच्या तारखा स्वतः कशा काढाव्यात

राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही आणि तिचे सुमारे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. त्यामुळे वेळापत्रक मांडताना पहिली नोंद निवृत्तीच्या तारखेची करावी आणि तिथून मागे मोजत यावे. महाराष्ट्राच्या १९ जागांचे तीन गट आहेत. एका गटातील सहा सदस्यांची मुदत २ एप्रिल २०२४ रोजी संपली, दुसऱ्यातील सातजणांची २ एप्रिल २०२६ पर्यंत होती, आणि २०२२ मध्ये निवडून आलेल्या सहाजणांची ४ जुलै २०२८ पर्यंत आहे. प्रत्येक गटाची पाळी सहा वर्षांनी येते, म्हणून या तीन तारखा हाती असल्या की पुढची कित्येक वर्षे आखता येतात.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२ नुसार निवडणूक आयोगाच्या शिफारशीवरून राष्ट्रपती अधिसूचना काढतात. विधान परिषदेसाठी ती राज्यपाल काढतात. मुदत संपण्याच्या तीन महिन्यांहून आधी ही अधिसूचना काढता येत नाही. एकदा ती निघाली की पुढची गणती कलम ३९ मध्ये ठरलेली आहे: सातव्या दिवशी उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपते, दुसऱ्याच दिवशी छाननी होते, छाननीनंतरच्या दुसऱ्या दिवसापर्यंत अर्ज मागे घेता येतो आणि त्यानंतरच्या सातव्या दिवसाआधी मतदान घेता येत नाही. २०२२ ची निवडणूक या मापाने तपासून पाहावी. अधिसूचना २४ मे, अर्ज ३१ मेपर्यंत, छाननी १ जूनला, माघार ३ जूनपर्यंत आणि मतदान १० जूनला, असा प्रत्येक टप्पा अचूक जुळतो.

सुट्टीकडे मात्र नीट लक्ष द्यावे लागते. अर्ज भरणे, छाननी किंवा माघार यांचा दिवस सार्वजनिक सुट्टीचा असेल, तर तो पुढच्या कामकाजाच्या दिवसावर जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये छाननी १६ तारखेला होती. १८ ला रविवार आणि १९ ला शिवजयंती आली, माघारीची मुदत २० पर्यंत ठेवली गेली आणि मतदानाची तारीख २७ ठरली. माघारीनंतर जागांइतकेच उमेदवार उरले तर मतदान होतच नाही. त्या वर्षी महाराष्ट्राच्या सहाही जागा बिनविरोध भरल्या गेल्या, म्हणून आपल्या टिपणात माघारीच्या तारखेला मतदानाइतकेच महत्त्व द्यावे.

विधान परिषदेच्या ७८ जागांना एकच नियम लावू नये. आमदारांनी निवडायच्या ३० जागांना वरचीच गणती लागू होते. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांच्या प्रत्येकी सात जागांना कलम ३० लागू असल्याने माघार आणि मतदान यांत किमान चौदा दिवस सोडावे लागतात. २०२३ मध्ये नाशिक, अमरावती पदवीधर आणि औरंगाबाद, नागपूर, कोकण शिक्षक मतदारसंघांत माघारीची मुदत १६ जानेवारीला संपली आणि मतदान ३० जानेवारीला झाले. पण मतदारासाठी खरी तारीख त्याच्या कितीतरी आधी येते. या मतदारसंघांची यादी प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने तयार होते, जुन्या यादीतले नाव आपोआप पुढे येत नाही. अर्हता दिनांक, म्हणजे पात्रता ज्या दिवसावर मोजतात तो दिवस, १ नोव्हेंबर असतो, पदवीधरांना नमुना १८ आणि शिक्षकांना नमुना १९ भरावा लागतो, आणि पदवी त्या दिनांकाच्या किमान तीन वर्षे आधी मिळालेली असावी लागते. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून निश्चिंत राहिलेले पदवीधर मतदानाला मुकतात, याचे फार वाईट वाटते. म्हणून निवृत्तीच्या वर्षाआधीचा ऑक्टोबर वहीत ठळक लिहावा.

स्थानिक प्राधिकारी संस्थांच्या २२ जागांचा अंदाज सर्वांत कठीण असतो. मतदारसंघातील किमान ७५ टक्के संस्था कार्यरत असाव्यात आणि किमान ७५ टक्के मतदार उपलब्ध असावेत, असा आयोगाचा निकष आहे. महापालिका आणि जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले की मत देणारे सदस्यच उरत नाहीत आणि ही निवडणूक लांबते.

राजीनामा किंवा निधनाने जागा रिकामी झाली असेल, तर कलम १५१-अ प्रमाणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची असते. उरलेली मुदत एका वर्षाहून कमी असेल किंवा निवडणूक घेणे कठीण असल्याचे आयोगाने केंद्राशी सल्लामसलत करून प्रमाणित केले असेल, तर हे बंधन नसते. दोन जागा एकाच वेळी रिकाम्या झाल्या तरी प्रत्येकीची निवडणूक स्वतंत्र धरावी. गुजरातमध्ये जुलै २०१९ मध्ये अशा दोन जागांसाठी एकाच दिवशी पण वेगवेगळे मतदान झाले. दोन्ही जागा एकत्र भरल्या असत्या तर एका जागेसाठी कमी मते पुरून लहान पक्षाला एक मिळण्याची शक्यता होती. स्वतंत्र मतदानात दोन्ही बहुमतवाल्यांकडे जातात. त्यामुळे अधिसूचना एक आहे की दोन, हे तारखेइतकेच बारकाईने वाचावे.

तारीख जाहीर झाल्यावरही ती पुढे जाऊ शकते. कलम १५३ खाली आयोग निवडणूक पूर्ण करण्याची मुदत वाढवू शकतो. २६ मार्च २०२० चे राज्यसभेचे मतदान करोनामुळे १९ जूनला झाले. त्याच काळात महाराष्ट्रात विधान परिषदेच्या नऊ जागा २४ एप्रिलला रिकाम्या झाल्या होत्या. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते आणि सदस्य नसलेल्या मंत्र्याला सदस्य होण्यासाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४(४) ने दिलेले सहा महिने मे अखेरीस संपत होते. तेव्हा ४ मेला अधिसूचना निघाली, मतदान २१ मेला ठेवले गेले, आणि १४ मेला माघारीनंतर सर्व नऊ उमेदवार बिनविरोध निवडून आले. टाळेबंदीतही टप्प्यांमधले अंतर कायद्यातलेच राहिले.