ताप, तापमान, तापमापी : विज्ञानाचे शब्द वर्गात कसे शिकवावेत

मराठी माध्यमाच्या मुलांना 'प्रकाशसंश्लेषण' जड जातं, ही तक्रार नेहमीची. पण असे शब्द फारसा दगा देत नाहीत. ते अनोळखी असल्याने मूल सावध असतं. दगा देतात ते घरातले शब्द : उष्णता, वजन, काम, शक्ती. आंबा फ्रिजमधून काढलेला असला तरी घरात तो 'उष्ण'च असतो आणि पपईने 'अंगात उष्णता होते'. मग तेच मूल उत्तरपत्रिकेत 'पाण्याची उष्णता 60 अंश आहे' असं लिहितं आणि आपण अर्धा गुण कापून पुढे जातो.

म्हणून धडा सुरू करण्याआधी त्यातले ठळक छापलेले शब्द वहीत उतरवा आणि प्रत्येकापुढे 'घ' किंवा 'न' लिहा. घ म्हणजे घरात वेगळ्या अर्थाने वापरला जाणारा, न म्हणजे पूर्ण नवा. 'न'ला फोड करून सांगितलं की बहुतेक वेळा भागतं. 'घ'ला प्रयोग लागतो. एका तासिकेत दोनपेक्षा जास्त 'घ' शब्द घेऊ नका, गोंधळ वाढतो.

उष्णता आणि तापमान ही जोडी घ्या. प्लास्टिकच्या दोन मगांत नळाचं प्रत्येकी 500 मिली पाणी भरा. एका पातेल्यात 60 अंश सेल्सिअसपर्यंत पाणी तापवून घ्या. त्यातून आधी 250 मिली मोजून दुसऱ्या मगात ओता, मग लगेच 50 मिली पहिल्या मगात. हा क्रम पाळाच, कारण थोडं पाणी लवकर निवतं आणि 'दोन्ही पाणी सारखंच तापलेलं होतं' हा सगळा मुद्दाच त्यामुळे ढासळतो. ढवळा, अर्धा मिनिट थांबा, तापमापीचा फुगा तळाला टेकू न देता वाचन घ्या. नळाचं पाणी 25 अंशांचं असेल तर पहिल्या मगात 28च्या आसपास आणि दुसऱ्यात साधारण 36 अंश दिसेल. जाड स्टीलचं भांडं घेतलंत तर तेच बरीच उष्णता गिळतं आणि फरक कमी दिसतो. तापमापी प्रयोगशाळेचीच हवी. तापाची काचेची तापमापी 42 अंशांपर्यंतच असते, 60 अंशांच्या पाण्यात ती फुटते.

इथपर्यंत फळ्यावर एकही संज्ञा लिहायची नाही. आधी विचारा : ओतलेलं पाणी दोन्हीकडे सारखंच गरम होतं ना, मग दुसऱ्या मगात जास्त काय गेलं? 'जास्त गरमपणा', 'जास्त ऊब', काय वाटेल ते मुलांना म्हणू द्या. मग नावं द्या. सारखं होतं ते तापमान, जास्त गेली ती उष्णता. लगेच एकक जोडून टाका : तापमान अंश सेल्सिअसमध्ये, उष्णता ज्यूल किंवा कॅलरीमध्ये. एकक हे शब्दाचं कुलूप आहे. '60 अंश उष्णता' लिहिताना ते अडायला हवं.

वजन आणि वस्तुमान यांचंही तेच. वाण्याकडे 'एक किलो वजन' म्हणतात, त्यात वाण्याची काही चूक नाही. पण वर्गात ताणकाट्याला (स्प्रिंगच्या काट्याला) 1 किलोग्रॅमचं माप टांगून 9.8 न्यूटन वाचून दाखवा. मग विचारा, चंद्रावर तराजू काय दाखवेल आणि ताणकाटा काय? तराजू वस्तुमानांची तुलना करतो, म्हणून तो तसाच राहील. ताणकाटा मात्र सुमारे 1.6 न्यूटनवर येईल. 'कार्य'साठी एका मुलाला दप्तर हातात धरून स्तब्ध उभं करा. हात भरून आले तरी दप्तर हललं नाही, म्हणून त्यावर झालेलं कार्य शून्य. मुलं यावर भांडतात, भांडू द्या.

नव्या शब्दांना फोड पुरते म्हटलं, पण ती नीट व्हायला हवी. 'प्रकाशसंश्लेषण' नुसतं तोडून दिलं की काही मुलं 'प्रकाश तयार करणं' असा अर्थ लावतात. प्रकाशाच्या साहाय्याने संश्लेषण, असा विग्रह सांगा. 'विद्युत अपघटन'ही त्याच घडणीचं : विजेच्या साहाय्याने अपघटन. शेपटांचाही उपयोग होतो. 'मापी' म्हणजे मोजणारं साधन आणि तापमान म्हणजे त्याने मोजलेली गोष्ट, एवढं कळलं की 'तापमान 36 अंशांची तापमापी' असली वाक्यं थांबतात.

आता अलीकडची अडचण. मुलं घरी हिंदी व्हिडिओ पाहतात आणि दोन्ही भाषांचे शब्द संस्कृतातून आलेले असल्याने ते एकच आहेत असं त्यांना वाटतं. काही ठिकाणी अर्थ सरळ बदलतो. मराठीत ऊर्ध्वपातन म्हणजे डिस्टिलेशन : वाफ वर न्यायची आणि थंड करून थेंब खाली पाडायचे. हिंदीत ऊर्ध्वपातन म्हणजे सब्लिमेशन, म्हणजे घनाची थेट वाफ होणं, ज्याला आपण संप्लवन म्हणतो. डिस्टिलेशनला तिकडे आसवन. मराठीतलं क्षार म्हणजे सॉल्ट, हिंदीत क्षार म्हणजे अल्कली आणि सॉल्टला लवण. आपल्या पाठ्यपुस्तकात प्रकाशाचं विकिरण म्हणजे स्कॅटरिंग, हिंदीत विकिरण म्हणजे रेडिएशन, ज्याला आपण प्रारण म्हणतो. आपली पेशी म्हणजे सेल, हिंदीतली पेशी म्हणजे स्नायू. हे चार शब्द तक्ता करून भिंतीवर लावा. द्रव्यमान (वस्तुमान), आवेश (प्रभार), यौगिक (संयुग) असे हिंदीतले निव्वळ वेगळे शब्द तितके घातक नाहीत, ते परके म्हणून ओळखू येतात.

सेमी इंग्रजीच्या वर्गात इंग्रजी संज्ञा आधी आणि मराठी 'अर्थ म्हणून' नंतर, अशी सवय असते. ती उलटी करून पाहा. अनुभव, मग मराठी शब्द, मग इंग्रजी शब्द. 'अॅक्सिलरेशन' पाठ असलेलं मूल गाडीचा वेग कमी होतानाही त्वरण असतं हे मानायला तयार नसतं, कारण त्याच्या डोक्यात तो शब्द म्हणजे दुचाकीची मूठ पिळणं.

शेवटी तपासणी. व्याख्या विचारू नका, ती घोकून येते. तीन वाक्यं द्या आणि चुकीचं शोधायला सांगा. उदाहरणार्थ : 'बर्फ वितळताना त्याला उष्णता मिळते', 'बर्फ वितळत असताना त्याचं तापमान वाढत जातं', 'बर्फ आणि पाणी एकत्र असताना दोघांचं तापमान 0 अंश असू शकतं'. दुसऱ्या वाक्याला फुली मारून खाली कारणही लिहिलं, तरच पूर्ण गुण. नुसत्या फुलीला अर्धे.