मेकॅनिकलवाल्यांनो, ठिबककडेही बघा

सोलापुरात मेकॅनिकल केलं की पोरगं पुण्याची गाडी धरतं, हा आपल्याकडचा शिरस्ता. मीही चाकणला फिक्स्चर (मशीनवर भाग घट्ट धरून ठेवणारी चौकट) डिझाइनमध्ये काही वर्षं काढली. काम वाईट नव्हतं, पण आपल्या फिक्स्चरवर तयार झालेला भाग कुठल्या गाडीत बसतो हेही कधी कळायचं नाही. आता सोलापुरात राहून सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या पट्ट्यात डाळिंबाच्या बागांसाठी ठिबक आणि पंपाची आखणी करतो. ज्यांच्या मनात असंच काही घोळतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

डिग्री वाया जात नाही. उलट फ्लुइड मेकॅनिक्स पासिंगपुरतं केलं असेल तर पुस्तक पुन्हा उघडावं लागेल. साडेचार बाय तीन मीटरवर लागवड धरली तर एकरी साधारण ३०० झाडं. झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर (थेंब सोडणाऱ्या तोट्या), म्हणजे एकराला ताशी २,४०० लिटर. बोअर तेवढं देत नसेल तर बागेचे भाग पाडून आळीपाळीनं पाणी सोडायचं. मग पाइपातलं घर्षण, रानाचा चढ, फिल्टरमध्ये खर्च होणारा दाब, हे सगळं धरून मोटार ठरवायची. गावाकडे मात्र "शेजाऱ्याची पाच एचपीची आहे, मला पण पाचचीच द्या" हा हिशेब. तीनची पुरते म्हणालात तर साहेबांवरच शंका!

नव्यानं शिकायचं ते पाणी आणि झाड. बोअरच्या पाण्यात क्षार असले की ड्रिपर चोक होतात, तिथं आम्ल प्रक्रिया लागते. शेततळ्याच्या पाण्यात शेवाळ येतं, तिथं वाळूच्या फिल्टरशिवाय भागत नाही. बाग ताणावर असते, म्हणजे बहरासाठी मुद्दाम तहानलेली ठेवतात, तेव्हा पाणी बंद, तेवढ्यात लॅटरल (झाडांच्या ओळीतल्या ठिबकच्या नळ्या) धुऊन, दुरुस्त्या उरकून घ्यायच्या. पहिलं पाणी सोडायच्या दिवशी "पुढच्या आठवड्यात बघू" चालत नाही. सोलापूरजवळ केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथली प्रशिक्षणं चुकवू नका. आणि हो, डाळिंबावरच्या तेल्या रोगावर काय फवारू असं लोक तुम्हालाच विचारतील. तो जिवाणूजन्य रोग आहे. औषधं सुचवायच्या फंदात पडू नका.

पगाराचं गोड बोलत नाही. डीलरकडे सुरुवातीला कंपनीपेक्षा कमीच मिळतो, कमाई हंगामावर, आणि महाडीबीटीवरचा अनुदानाचा अर्ज रेंगाळला की बिलही रेंगाळतं. घरी कर्जाचा हप्ता असेल तर आधी त्याची तजवीज करा.

राजीनामा देण्याआधी सुट्टीच्या दिवशी एखाद्या डीलरच्या फिटरबरोबर फिरा, त्याच्याकडून जोडणी शिका. त्यासाठी आंबिया बहराचा हंगाम निवडा. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी, जूनपासून फळ. मधल्या उन्हाळ्यात आटलेलं बोअर, रात्रीची वीज आणि वैतागलेला बागायतदार, तिघांचीही गाठ पडते.